बियाणे कंपनीचे शेअर घेण्यापूर्वी

चि.,
सप्रेम आशीर्वाद.

बियाणे कंपनीत पैसे गुंतवण्याचा विचार असल्याचे तू कळवलेस आणि एप्रिल ते जून या तिमाहीतील तिच्या घसघशीत नफ्याचे आकडेही पाठवलेस. कापूस, मका, बाजरीचे बियाणे विकणाऱ्या कंपनीची मुख्य विक्री याच तीन महिन्यांत होत असल्याने या आकड्यांना चारने गुणण्याचा मोह टाळावा. शिवाय जूनमध्ये विक्रेत्याकडे गेलेली सगळी पाकिटे विकली गेलेलीच असतात असे नाही. पाऊस लांबला की त्यांतील बरीच परत येतात, म्हणून ‘विक्री परतावा’ ही नोंद मी नफ्याच्या आधी पाहतो.

त्यानंतर पाहावा तो शिल्लक साठा. गोदामातले सिमेंट आणि गोदामातले बियाणे यांत फरक आहे, कारण बियाणे जिवंत असते आणि त्याची उगवणशक्ती महिन्यामहिन्याला घटत जाते. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते; त्याचे आवरण नाजूक असल्याने मळणीत मार बसला किंवा काढणीच्या वेळी पाऊस झाला, तरी एवढी उगवण मिळणे कठीण होते. नापास झालेल्या बियाण्याला बीजप्रक्रियेचे औषध लावून झालेले असेल, तर ते धान्य म्हणूनही विकता येत नाही. ताळेबंदात मात्र ते पुष्कळदा संपत्ती म्हणून मिरवत असते! विक्री स्थिर असताना साठा दरवर्षी वाढत असेल, तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

कंपनी मुख्यतः कापसावर उभी असेल, तर भाव तिच्या हातात नसतो हेही ध्यानात घे. २०१६ पासून बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. त्या वर्षी ८०० रुपये असलेली बीजी-२ (दोन बीटी जनुके असलेल्या कापसाच्या) पाकिटाची किंमत २०१८ मध्ये ७४० रुपयांवर आणली गेली, आणि शेतात क्रॉसिंग, म्हणजे संकरासाठी हाताने परागीकरण, करणाऱ्या हातांची मजुरी काही त्याबरोबर उतरली नाही.

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केल्यावर जालना बियाण्यांचे गाव झाले. पण पिशवीवर नाव छापणारी प्रत्येक कंपनी वाण तयार करणारी नसते. संकराचे नर-मादी वाण तुझ्या कंपनीचे स्वतःचे आहेत की दुसऱ्याकडून घेतलेले, हे विचारून घे. पाच वर्षांचे वार्षिक अहवाल मला पाठव. ते पाहून होईपर्यंत वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेला हात लावू नकोस.

तुझा,
काका