गाडी उचलली, म्हणून शाफ्टही बदलायचा?

मागे सस्पेन्शन लिफ्टबद्दल, म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी उंच करण्याबद्दल, चार ओळी लिहिल्या, तेव्हापासून 'मग शाफ्टही बदलायचा का?' हा एकच प्रश्न गाड्यांची नावं बदलून येतोय. निम्मी पत्रं 'ग्रुपवर कुणीतरी सांगितलं' इथूनच सुरू होतात. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : जुन्या जिप्सीला जेमतेम एक इंच लिफ्ट केली आहे. हादरा नाही, आवाज नाही. तरी प्रोपेलर शाफ्ट (एक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा) बदलू का? (वाळपई)

नको. शाफ्टच्या टोकांच्या क्रॉसना, म्हणजे चौफुलीसारख्या सांध्यांना, ग्रीस मारा आणि पुढच्या सर्व्हिसला मेकॅनिककडून त्यांचा प्ले (ढिलेपणा) तपासून घ्या.

प्रश्न : जिम्नीला दोन इंचांचं किट बसवायचं आहे. विक्रेता म्हणतो, पुढचा आणि मागचा दोन्ही शाफ्ट डबल कार्डनचे (एका टोकाला दोन क्रॉस असलेले) घेतले नाहीत तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) गेली तरी त्याची जबाबदारी नाही. एकत्र घेतले तर सवलत देतो. घेऊ का? (डिचोली)

त्याला आधी एवढंच विचारा, की माझ्या गाडीच्या शाफ्टचा कोन आता किती आहे आणि लिफ्टनंतर किती होईल? उत्तर आकड्यात आलं नाही तर तिथून उठा. गाडीखाली न वाकता शाफ्ट विकणाऱ्याला तुमच्या ट्रान्सफर केसची काळजी नाही.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे. डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे शाफ्ट एक्सलच्या आतच असतात. बॉडी कितीही वर गेली तरी त्यांचा कोन बदलत नाही. प्रश्न उरतो तो ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंत येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा.

बॉडी 50 मिलिमीटर वर गेली आणि एक्सल जागच्या जागी राहिला, तर एक मीटर लांबीच्या शाफ्टचा कोन जवळपास 3 अंशांनी वाढतो. शाफ्ट अर्ध्या मीटरचा असेल तर तीच उंची त्याला जवळपास 6 अंशांनी वाकवते. म्हणजे किट कुणाचं आहे यापेक्षा शाफ्ट किती लांब आहे ते आधी बघायचं. आखूड शाफ्ट आधी कुरकुरतो.

आता हादरा येतो कुठून? साधा क्रॉस तिरका चालला की फिरणं सारख्या वेगाने पुढे देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे पडतो. 10 अंशांवर हा फरक दीड टक्क्याचा असतो, 20 अंशांवर सहा टक्क्यांच्या वर जातो, 30 अंशांवर पंधरा टक्क्यांच्या. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे फाटे) एका रेषेत असतील तरच. लिफ्ट केल्यावर कंट्रोल आर्ममुळे एक्सल किंचित फिरतो, पिनियनचं (शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो त्या गिअरचं) तोंड हलतं, एका टोकाचा कोन वाढतो आणि दुसऱ्याचा त्या प्रमाणात वाढत नाही. तेव्हा गाडी थरथरते. ताशी 80 च्या वेगाला शाफ्ट मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्याचे दोन धक्के सील आणि बेअरिंगवर बसतात.

विक्रेते जे सांगत नाहीत ते आता ऐका. डबल कार्डनमध्ये एका टोकाला दोन क्रॉस असतात आणि ते आपली चूक आपसातच भरून काढतात. दुसऱ्या टोकाचा एकटा क्रॉस मग जवळजवळ सरळच चालावा लागतो, म्हणजे पिनियन शाफ्टच्या रोखाने फिरवून घ्यावा लागतो. ते न करता नुसता महागाचा शाफ्ट चढवला तर नसलेला हादरा सुरू होतो. पुढच्या एक्सलला तर पिनियन वर फिरवला की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टेअरिंग भरकटायला लागतं. लिफ्टने कॅस्टर आधीच कमी केलेला असतो. म्हणून पैसे खर्चच करायचे असतील तर आधी कॅस्टर दुरुस्त करणारे बुश, अ‍ॅडजस्ट होणारा पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) आणि ब्रेकच्या पाइपांची लांबी याकडे बघा. शाफ्टचा नंबर त्यानंतर.

कोन मोजायचा तो सपाट जागी, गाडी चारही चाकांवर उभी करून, नेहमीचं सामान भरून. जॅकवर लटकलेल्या गाडीचा कोन मोजणारे मी बघितले आहेत. त्या आकड्याला अर्थ नाही. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर (जोडणीच्या चकत्यांवर) आणि शाफ्टच्या नळीवर कोनमापक ठेवा. साध्या शाफ्टच्या दोन टोकांत एका अंशाच्या आत फरक असेल आणि हादरा नसेल तर शाफ्टला हात लावू नका. त्यानंतर मात्र चेसिस नीट स्टँडवर घेऊन चाकं पूर्ण लोंबू द्या आणि शाफ्ट हाताने फिरवून बघा. कुठे अडतोय का? योकच्या आतल्या कडेला बोटभर चकचकीत ओरखडा दिसला तर तिथे लोखंड लोखंडाला लागतंय. मग उंची कमी करायची की जॉइंट बदलायचा, हे शाफ्टचंच काम करणाऱ्या माणसाला गाडी दाखवून ठरवा.

आणि शाफ्ट उघडण्याआधी दोन्ही भागांवर खूण करायला सांगा. स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग जोडणारी दात्यांची खाच) एका दाताने चुकीची बसली की योकची रेषा जाते, आणि दोष लिफ्टच्या माथी येतो.

प्रश्न : मग कोन शून्यच करून टाकला तर? (म्हापसा)

तेही नको. क्रॉसमधल्या सुयांच्या बेअरिंगला फिरत राहायला अर्धा-एक अंश लागतो, नाहीतर सुया एकाच जागी खड्डे पाडतात.

प्रश्न : लिफ्ट न करता फक्त मोठे टायर टाकले तर शाफ्ट सुरक्षित राहील ना? (पेडणे)

उलट आहे. लिफ्टने कोन बदलतो, मोठ्या टायरने ताण वाढतो. शाफ्ट तुटतात ते बहुतेक वेळा चाक दगडात अडकलेलं असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरल्यामुळे. 2014 पासून गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा होते; तिथल्या गाड्या बघून टायर घेणारे पुष्कळ आहेत. त्या गाड्यांबरोबर सुटे शाफ्ट आणि मेकॅनिकही असतात, हे त्यांना दिसत नाही. गाडीच्या कंपनीने दिलेल्या मापापेक्षा टायर किती मोठा चालेल ते सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा.

प्रश्न : लिफ्ट कायदेशीर आहे का? गॅरेजवाला म्हणतो, कुणी पकडत नाही. (मडगाव)

पकडत नाही हे कायद्याचं उत्तर नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. किट विकत घेण्याआधी वाहतूक खात्यात जा आणि विमा कंपनीकडूनही लेखी घ्या. गॅरेजवाला अपघातानंतर फोन उचलणार नाही.

प्रश्न : 2021 ची थार. पुढे स्पेसर (शॉकच्या वर बसवायची जाड चकती) टाकून दोन इंच उचलली. आता एका बाजूचा रबरी बूट (शाफ्टच्या जॉइंटवरचं ग्रीस राखणारं आवरण) फाटलाय, पण आवाज नाही. चवथीनंतर केलं तर चालेल? (काणकोण)

नाही चालणार. याच आठवड्यात करा.

जिम्नीचं उत्तर तुम्हाला लागू नाही. या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. डिफरन्शियल चेसिसला बांधलेलं असतं, म्हणून लिफ्ट केली की चाकाकडे जाणारे हाफ शाफ्ट खाली झुकतात. दोन जॉइंटमधलं अंतर 40 सेंटिमीटर धरलं तर 50 मिलिमीटर उंचीला 7 अंश वाढतात. शिवाय शॉक खालच्या आर्मवर मध्येच टेकलेला असल्यामुळे वरच्या स्पेसरची जाडी असते त्याहून जास्त उंची चाकापाशी मिळते. 'एक इंचाचाच आहे' म्हणून विकला जाणारा स्पेसर म्हणूनच फसवा.

कोन वाढला की बुटाच्या वळ्या एकमेकींवर घासतात आणि फाटतात. ग्रीस बाहेर उडतं, जांभ्याची लाल माती आत जाते आणि रगड्यात वाटल्यासारखे आतले बॉल आणि खाचा झिजतात. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट ऐकू यायला लागलं की नुसत्या बुटाने भागत नाही, जॉइंट गेलेला असतो. आज बूट, ग्रीस आणि क्लिपवर निभावेल. आणि हो, किनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्यात तर या अवस्थेत मुळीच नको. तिथे गाडी उतरवायला गोव्यात बंदी आहे, हे वेगळं सांगायला नको.

फाटलेला बूट गॅरेजवाल्याला फेकू देऊ नका. वळ्यांच्या टोकांना सगळीकडून सारखी झीज असेल तर कोन जास्त आहे. एकाच जागी चीर असेल तर जंगलात काठी लागली. तो बूट अलाइनमेंटच्या कागदासह जाणकार माणसाला दाखवा, आणि स्पेसर कमी करायचा की डिफरन्शियल खाली घ्यायचं किट टाकायचं हे त्याच्याशी बोलून ठरवा.