त्या वर्षी सगळे घरी होते

लॉकडाउनच्या वर्षाबद्दल बोलताना बहुतेकांना भीती आठवते, बुडालेली मजुरी आठवते, गेलेली माणसं आठवतात. पण समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून काही जण आवाज खाली आणतात आणि वेगळंच सांगतात. त्यांना त्या वर्षाची आठवण येते. ते दिवस बरे होते असं वाटतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटते. होस्टेलवरून घरी आलेल्या पोरानं हे मला सांगितलं आहे, निवृत्तीला टेकलेल्या एका गुरुजींनी सांगितलं आहे. सगळ्यांत जास्त सांगितलं ते अशा बायकांनी, ज्यांचे नवरे कामासाठी पुण्याला नाहीतर सुरतला असतात. "माझं काही बिघडलं आहे का?" हा त्यांचा प्रश्न.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाईची हकीकत तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण रेखा म्हणू.

2022 च्या मार्चमध्ये ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डोकेदुखीसाठी आली होती. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, रक्त तपासलं, डोळे तपासायला लावले. सगळं ठीक निघालं. झोप येत नाही आणि विनाकारण रडू येतं, असं तिनं जाता जाता सांगितलं म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. पहिला अर्धा तास ती शेतीबद्दल, पोरीच्या शाळेबद्दल, सासूच्या गुडघ्यांबद्दल बोलली. उठता उठता म्हणाली, "मॅडम, त्या सालात लोकं मेले. आमच्या घरचं माणूस गेलं. अन् मले ते साल परत यावं वाटते. मी वाईट बाई आहो काय?"

मी तिला परत बसवलं.

अशा वेळी आधी काही गोष्टी विचारून घ्याव्याच लागतात. मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं, हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळपास रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ चाललं असेल, सोबत झोप आणि भूक गेली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर ते नैराश्य आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागतं. जीव द्यावा असं वाटतं का, हेही मी सरळ विचारते. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट मनात असलेलं बोलायला वाट मिळते. रेखाला तसं वाटत नव्हतं. ती जेवत होती, वावरात जात होती, पोरीचा अभ्यास घेत होती. रात्र झाली की मात्र डोळे उघडेच राहायचे.

मग मी तिला म्हटलं, त्या वर्षातला एक दिवस सांगा. सकाळपासून रात्रीपर्यंत.

ती पहिल्यापासूनच सांगायला लागली. नवरा पुण्याकडे एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करायचा. चुलतभावाच्या साखरपुड्यासाठी मार्च 2020 मध्ये गावी आला आणि 24 तारखेच्या रात्री आठला देश बंद होणार असल्याचं टीव्हीवर जाहीर झालं. पुण्याहून आलेला माणूस म्हणून गावानं त्याला 14 दिवस घरात येऊ दिलं नाही. तो वावरातल्या झोपडीत राहिला. रेखा रोज डबा घेऊन जायची, बांधावर ठेवायची आणि मागे सरकायची. तो येऊन डबा उचलायचा. मग दोघं दहा हात अंतरावर, तो बाभळीच्या सावलीत आणि ती पदर डोक्यावर घेऊन उन्हात, बोलत बसायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. "एवढं आम्ही कधीच बोललो नव्हतो," ती म्हणाली.

यात पैशाचं सुख कुठंच नव्हतं. ठेकेदारानं हिशेब केला नव्हता. मागच्या हंगामाचा कापूस घरातच पडून होता, कारण खरेदी बंद झाली होती. पुढे ती सुरू झाली तरी नोंदणी करून नंबराची वाट पाहायची होती. एका खोलीत छतापर्यंत कापूस, दुसऱ्या खोलीत पाच माणसं, अन् अंगाला सतत खाज. रेशनवर माणशी 5 किलो तांदूळ फुकट मिळाला, तिच्या जनधन खात्यात तीन महिने 500 रुपये आले, त्यावर ओढलं. यवतमाळ तेव्हा रेड झोनमध्ये होतं. तालुक्याला जायचं तरी पोलिसांची भीती.

आणि तरीही ते सांगताना तिचा चेहरा मोकळा होत गेला. संध्याकाळी अंगणात सडा टाकायचा, बाज बाहेर काढायची. सासरे बाजेवर, सासू तुरी निवडत, पोरगी बापाच्या मागे सायकल घेऊन. मधूनमधून नवरा चुलीपाशी येऊन बसायचा. त्या पावसाळ्यात सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही म्हणून विदर्भात ठिकठिकाणी ओरड झाली. यांच्याही वावरात पेरलेल्या ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. तेव्हा नवऱ्यानं रात्री तिला विचारलं, "काय करू? पुन्हा पेरू का तूर टाकू?" ती म्हणाली तूर. त्यानं तूर टाकली.

"मले कोणी विचारलं होतं मॅडम," ती म्हणाली. हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं.

लॉकडाउनची आठवण येते म्हणणाऱ्या बहुतेक लोकांकडे असं एखादं वाक्य असतंच. बंद, पोलिसांचा पहारा, मास्क, यातलं त्यांना काहीच परत नको असतं. त्या होस्टेलच्या पोराला सकाळी उठवणारी आई हवी होती. गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा वेळ मिळाला होता. म्हणून "ते दिवस विसरा, पुढे बघा" असं मी कुणालाही सांगत नाही. ती आठवण आजच्या आयुष्यात काय कमी आहे हे दाखवत असते, आणि ते बघायचं सोडून माणूस स्वतःलाच गुन्हेगार ठरवून बसतो.

पण रेखाची झोप एवढ्यानं उडाली नव्हती. आणखी काहीतरी होतं. ते बाहेर यायला वेळ लागला.

फेब्रुवारी 2021 मध्ये ठेकेदाराचा फोन आला होता. नवऱ्यानं बॅग भरली. त्याच दिवसांत विदर्भात रुग्ण पुन्हा वाढू लागले, अमरावती आणि अचलपूरमध्ये 22 फेब्रुवारीपासून लॉकडाउन लागला, यवतमाळातही निर्बंध आले. त्याचं जाणं लांबलं. त्या संध्याकाळी रेखानं देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, "देवा, अजून थोडे दिवस असंच बंद राहू दे."

एप्रिलमध्ये सासऱ्यांना ताप आला. मामाजी, ती म्हणते त्यांना. दम लागायला लागला, जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तिथंच ते गेले. अंत्यविधीही तिथंच झाला. दोघं मुलगे लांब उभे राहिले, घरात कुणालाच तोंड पाहता आलं नाही. सासू आजही म्हणते, "त्या मेल्या सालानं माझं घर खाल्लं." ती हे म्हणते तेव्हा रेखा खाली बघते, कारण ते साल आपणच मागून घेतलं असं तिला वाटत होतं.

ही गाठ मी अनेकांत पाहिली आहे. आपल्या मनातल्या इच्छेनं, तोंडातून गेलेल्या एका शब्दानं कुणाचा जीव गेला, असं माणूस धरून बसतं. मृत्यू अचानक आला आणि निरोपही नीट घेता आला नाही की हे जास्त होतं. मन कारण शोधतं आणि हाताशी सापडतो तो आपणच. "असं काही नसतं हो" म्हणून त्यावर पाणी टाकलं तर माणूस गप्प होतो, पटत मात्र नाही.

मी तिच्यासोबत तारखा मांडल्या. दिवा कधी लावला, बंद कधी लागला, रुग्ण कधीपासून वाढत होते, मामाजी त्या पंधरवड्यात कुठंकुठं गेले. ते एका तेरवीला जाऊन आले होते, पीककर्जासाठी बँकेच्या रांगेत उभे राहिले होते. 60 वर्षांपुढच्यांची लस 1 मार्चपासून सुरू झाली होती, गावातल्या अनेकांसारखी त्यांनीही ती भीतीपोटी टाळली होती. मग मी म्हटलं, "रेखाताई, बंद लागला म्हणून आजार आला नाही. आजार वाढला म्हणून बंद लागला. तुम्ही दिवा लावला तेव्हा तो आधीच गावोगावी पोचला होता. अन् तुम्ही मागितलं काय, तर नवरा घरी राहावा. आजार कुठं मागितला?"

ती बराच वेळ बोटांनी टेबलाची कड घासत राहिली. मग म्हणाली, "ते समजते. पण मी खुश होती ना."

तिचं बरोबर होतं. तारखांनी इच्छेचा आरोप सुटला, आनंदाचा सुटला नव्हता. म्हणून मी विचारलं, "मामाजींना कसं वाटायचं हो त्या वर्षी?"

ती एकदम हसली. आमच्या भेटींत ती अशी हसली ते पहिल्यांदाच. मामाजी बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "म्या 72 चा दुष्काळ पाह्यला, रोजगार हमीवर दगड फोडले. पण पोरगा सालभर घरी राह्यला, हे पहिल्यांदा पाहून रायलो." पोळ्याला गावात बैल भरवायची बंदी होती, तर त्यांनी अंगणातच तोरण बांधलं, दारातच बैल ओवाळले, मुलाच्या हातून. दुसऱ्या दिवशी नातीचा लाकडी नंदी घेऊन तिच्यासोबत घरातल्या घरात तान्हा पोळा केला.

"म्हणजे तेही खुश होते," मी म्हटलं.

"लय," ती म्हणाली आणि रडायला लागली. ते रडणं वेगळं होतं. त्यात मामाजी होते. आधीच्या महिन्यांत ती रडायची ती स्वतःला शिव्या देत, मामाजींसाठी रडायला तिला जागाच मिळाली नव्हती. त्यानंतरच्या भेटींत आम्ही बहुतेक त्यांच्याबद्दलच बोललो.

मे महिन्यात अक्षय तृतीयेला वडिलांची घागर भरायला नवरा गावी आला, तेव्हा ती त्याला माझ्याकडे घेऊन आली. तो अवघडून बसला होता. दिव्याची गोष्ट तिनं त्याच्यासमोर स्वतःच सांगितली. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "ठेकेदाराचा फोन आला तेव्हा मीबी मनात म्हटलं, गाडी नाही भेटली तर बरं होईल." रेखानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानंतर काही क्षण मी बोलायची गरज नव्हती.

पुढचं काम साधं होतं. त्यांचं फोनवरचं बोलणं कसं चालतं ते मी विचारलं. पैसे पोचले का, आईचं औषध आणलं का, पोरगी काय करते, जेवली का, ठेवतो. बस. ठरलं असं, की रेखा भाकरी टाकायला बसेल त्या वेळेला त्यानं फोन लावायचा, तिनं तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि काही बोलायचं असो नसो, भाकरी होईपर्यंत चालू ठेवायचा. खरिपात काय पेरायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं, मोठ्या भावाला त्यानंच तसं सांगायचं. दिवाळीसोबत पोळ्यालाही यायचं. पोळ्यानंतर ती भेटली तेव्हा झोप पुष्कळ सुधारली होती. डोकं अधूनमधून दुखायचं.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्यासमोर अशाही बायका बसल्या आहेत, ज्यांच्यासाठी नवरा वर्षभर घरी असणं म्हणजे वर्षभर मार होता. माहेरची एसटी बंद, शेजारणीकडे जायची सोय नाही. रेखाची हकीकत वाचून अशा कुणाला "मग मलाच का नाही आवडलं" असं वाटू नये. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. झोप, भूक, रडू यांचं वर सांगितलं तसं काही होत असेल, किंवा कोविडमध्ये गेलेल्या माणसाबद्दलचा दोष मनातून जात नसेल, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. डोकं दुखतं म्हणून गेलात तरी चालतं, तिथल्या लोकांना ते समजतं.

रेखाचं दुखणं मात्र सगळंच समुपदेशनानं सुटणारं नाही, आणि तसं मी तिलाही सांगितलं. दोन एकर कोरडवाहू, डोक्यावर कर्ज, एक लग्नाची नणंद. एवढ्यावर पाच माणसं गावात जगू शकत नाहीत म्हणून तो पुण्याला आहे. ही उणीव रोजगाराची आहे. तिच्या मनात दोष नाही. दोघांनी आता नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाची चौकशी सुरू केली आहे. पगार पुण्यापेक्षा कमी पडेल, पण दर आठवड्याला घरी येता येईल. किती कमी चालेल, याचा हिशेब या वेळी रेखानं मांडला आहे.