ऑपरेशनच्या वेळी आईच्या कानात अभंग लावले तर चालतील का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही तासगाव भागातले. आईचं वय ६८, पुढच्या महिन्यात मिरजेत गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. कमरेत इंजेक्शन देऊन करणार, पूर्ण भूल नाही असं सांगितल्यापासून तिचं जेवणावरचं लक्षच उडालंय, रात्री उठून बसते आणि मी जागी असणार, हाड कापताना मला सगळं कळणार असं म्हणते. भाचा म्हणतोय हेडफोन लावून गाणी ऐकवा, दुखणं पण कमी होतं. खरंच उपयोग होतो का नुसतं मनाचं समाधान? आणि आत परवानगी देतात का?

उत्तर : दादा, उपयोग होतो, आणि हे मी नुसतं ऐकून सांगत नाही, भूल द्यायचं कामच करते, त्यामुळं टेबलावरच्या पेशंटच्या डोक्याशी मीच बसलेली असते.

आधी आईंची भीती बघू कारण ती अगदी रास्त आहे. कमरेच्या इंजेक्शननं पाय जड पडतात, दुखणं कळत नाही, पण पाय हलवलेला, ओढल्यागत झालेलं थोडंफार कळू शकतं, आणि कान तर पूर्ण जागे असतात. गुडघ्याच्या ऑपरेशनला करवत चालते, ड्रिलचा आवाज येतो, हातोडी ठोकतात. हिरव्या कापडाच्या पलीकडं काही दिसत नाही, फक्त आवाज येतोय, मग माणूस मनात काय काय चित्रं रंगवतो! दुखत नसलं तरी त्या आवाजानंच नाडी पळायला लागते, बीपी चढतं आणि मग शांत करायला औषध वाढवावं लागतं. कानात ओळखीचं गाणं असलं की निम्मा आवाज तिथंच अडतो आणि उरलेल्याकडं लक्ष जात नाही.

मागं वाळवा तालुक्यातल्या एक आजी आल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन होतं, आत आणलं तेव्हा नाडी ११० च्या पुढं आणि माझा हात सोडेनात. नातवानं मोबाईलमध्ये त्यांच्याच गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग भरून दिलं होतं, ते लावलं. थोड्या वेळानं मॉनिटर काहीतरी भलतंच दाखवायला लागला म्हणून बघितलं तर आजी बोटानं ठेका धरत होत्या आणि त्याच बोटाला ऑक्सिजनची क्लिप होती. क्लिप दुसऱ्या हाताला लावली, नाडी ८० च्या आसपास आलेली, ओठ हलत होते. आजींना तो हरिपाठ कुठल्याही औषधापेक्षा जवळचा होता एवढं मला तेव्हा कळलं.

ही काही आजची टूम नाही. अमेरिकेत इव्हान केन नावाच्या सर्जननी १९१४ मध्येच ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ, म्हणजे त्या काळचं गाणी वाजवायचं यंत्र, लावायचा अनुभव तिथल्या मेडिकल जर्नलला लिहून कळवला होता. २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये ७३ चाचण्यांचा, जवळजवळ ७००० पेशंटांचा एकत्र आढावा आला, त्यात संगीत ऐकलेल्यांना ऑपरेशननंतर दुखणं आणि घालमेल कमी जाणवली, वेदनाशामक औषधंही कमी लागली. आधी ऐका, मधे ऐका, नंतर ऐका, तिन्ही वेळी फायदा दिसला, पूर्ण भूल दिलेल्यांनासुद्धा. दवाखान्यातला मुक्काम मात्र त्यामुळं कमी झाला नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. आणि फायदा झाला म्हणून वेदनाशामक बंद करायचं नाही, हे हात जोडून सांगते. गाणं औषधाच्या जोडीला असतं, औषधाच्या जागी नाही. अमुक रागानं तमुक आजार बरा होतो असले मेसेज फिरतात त्यांच्या नादी तर अजिबात लागू नका.

कुठलं गाणं लावायचं? साधारण संथ लयीचं, एकदम चढउतार नसलेलं बरं असं सांगतात, पण माझं मत विचाराल तर आईंनाच विचारा. त्या रोज सकाळी सांगली आकाशवाणीवर भक्तिगीतं ऐकत असतील तर तसलीच भरा. काहींना शब्दच नको असतात, त्यांना नुसता तंबोरा पण पुरतो, आणि मिरजेच्या तंबोऱ्याला तर २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावची खासियत म्हणून भौगोलिक मानांकनच मिळालंय. फक्त एक बघा, एखादं गाणं घरातल्या कुणाच्या जाण्याशी जोडलेलं असतं, ते चुकून यादीत येऊ देऊ नका, आत रडू फुटलं तर आवरणं अवघड जातं.

परवानगी प्रत्येक दवाखान्याची वेगळी. भूलतज्ज्ञ आधी तपासायला बोलवतात ना, तेव्हाच विचारा, ऐनवेळी थिएटरच्या दारात नको. बहुतेक जण हो म्हणतात. आवाज बारीक ठेवायचा, आम्ही हाक मारली की त्यांना ऐकू आलं पाहिजे, म्हणून मी तर एकाच कानात इअरफोन लावते. कानाचं मशीन वापरत असतील तर तेही तेव्हाच सांगा.

आणि गाण्याआधी एक काम करा, काय काय होणार ते भूलतज्ज्ञांकडून आईंना समोर बसवून समजावून द्या, आवाज येतील पण दुखणार नाही, फारच घाबरल्या तर झोपेचं औषध देता येतं, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. तुम्ही दहा वेळा सांगितलेलं आणि डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं यात फरक पडतो.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस खरे दुखण्याचे. फिजिओथेरपीवाले गुडघा वाकवायला येतात त्याच्या आधी पंधरा-वीस मिनिटं गाणी सुरू करा, रात्री झोपताना पण लावा, शेजारच्या पेशंटला त्रास नको म्हणून इअरफोननंच. गाणी आत्ताच डाऊनलोड करून ठेवा, थिएटरमध्ये रेंज असेलच असं नाही, मोबाईल पुसून, चार्ज करून, फ्लाईट मोडवर टाकून सिस्टरांच्या हातात द्या म्हणजे मधेच कुणा पाहुण्याचा फोन वाजणार नाही.