आबांचं चालणं आणि डोक्यातलं पाणी

प्रश्न : माझे सासरे, आबा, ७४ वर्षांचे. तालमीत घुमलेलं शरीर, परवा-परवापर्यंत पहाटे रंकाळ्याला चक्कर मारायचे. वर्षभरात पाय फरफटायला लागले. आता बाथरूम गाठेपर्यंत कपडे ओले होतात, म्हणून बाहेर जाणंच सोडलंय. जेवलो की नाही तेही विसरतात. आम्ही वयोमान समजत होतो, पण सीटी स्कॅनमध्ये मेंदूत पाणी वाढलेलं निघालं. शंट (जादा पाणी वाहून नेणारी नळी) बसवावा लागेल, त्याआधी पाठीतून पाणी काढून बघू, असं डॉक्टर म्हणतात. दीर म्हणतात, या वयात डोक्याला भोक कशाला? मला तर पाठीतल्या सुईचीच जास्त धास्ती वाटते.
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, चालणं, लघवी आणि विसरणं ही तिन्ही दुखणी एकत्र आली आणि चालणं आधी बिघडलं, की ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’ची शंका घ्यावीच लागते. कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम यांनी १९६५ साली हा आजार जगापुढे मांडला. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच रक्तात जिरतं. जिरण्यात अडथळा आला, की मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. पण वयामुळे मेंदू आकसला तरी सीटीत पोकळ्या मोठ्याच दिसतात. नुसत्या फोटोवर शंट बसवायचा नसतो, तो यासाठी.

पाठीत सुई घेतली की माणूस पांगळा होतो, हे ओपीडीत मी सारखं ऐकतो. सांगणाऱ्याच्या पाठीत बहुतेक वेळा कधी सुई गेलेली नसते! सुई कमरेत खालच्या बाजूला घालतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. ३० ते ५० मिली पाणी काढतात. नंतर एखाद-दोन दिवस डोकं दुखू शकतं.

या तपासणीत खरं काम घरच्यांचं. पाणी काढायच्या आधी मोबाइलवर आबांचं चालणं शूट करा. खुर्चीतून उठणं, दहा मीटर जाणं, वळणं, परत येणं. वळताना किती पावलं पडतात ते मोजा. आपण दोन-तीन पावलांत वळतो. या आजारात माणूस जागच्या जागी सात-आठ बारीक पावलं टाकतो, पाय फाकलेले, तळवे फरशीला चिकटल्यासारखे; हात मात्र बऱ्यापैकी हलत असतात. पार्किन्सनमध्ये हातांचं हलणंही कमी होतं. पाणी काढल्यावर काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच अंतर पुन्हा चालवा. फरक दिसला, तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. नाही दिसला तरी लगेच नाद सोडायचा नाही, सर्जन पुढच्या तपासण्या सांगतील.

दिरांना सांगा, भोक लहानसंच असतं. त्यातून सिलिकॉनची बारीक नळी आत जाते, वॉल्व्ह, म्हणजे पाणी किती सोडायचं ते ठरवणारी झडप, कानामागे कातडीखाली बसतो आणि नळी मानेतून, छातीवरून पोटात सोडतात. बाहेर काही लोंबत नाही. पोटही फुगत नाही, पोटातलं अस्तर ते पाणी शोषून घेतं.

सगळं पहिल्यासारखं होईल, असं मी कुणाला सांगत नाही. चालणं सगळ्यात जास्त सुधारतं, विसरण्यात सगळ्यात कमी फरक पडतो. पण आबा आपल्या पायांनी बाथरूमपर्यंत वेळेत पोचले, तरी घरच्यांचा निम्मा ताप कमी होईल.

धोकाही आहे. पाणी जास्त निचरलं, तर मेंदूभोवती रक्त साचू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. ऑपरेशननंतर उभं राहिलं की डोकं दुखणं, गुंगी, ताप, नळीच्या वाटेवर लाली, किंवा सुधारलेलं चालणं पुन्हा बिघडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, दाखवायला न्या.

वॉल्व्ह ठरावीक दाबाचा मिळतो, आणि बाहेरून चुंबकानं दाब बदलता येणाराही. परवडत असेल तर आबांच्या वयाला मी दुसरा सुचवतो, दाब बदलायला पुन्हा चिरफाड लागत नाही. शासकीय योजनेतून करणार असाल, तर त्यात कोणता वॉल्व्ह मिळतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या. दुसरा बसवलात, तर वॉल्व्हचं नाव आणि दाबाचं सेटिंग लिहिलेलं कार्ड आबांच्या खिशात ठेवा. एमआरआयच्या आधी ते दाखवायचं आणि नंतर सेटिंग तपासून घ्यायचं. चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हरही त्या कानाशी धरू देऊ नका.