कोणीच न नेलेले बक्षीस कोणाचे?

प्रश्न : लॉटरीचे बक्षीस घ्यायला कोणी पुढे आलेच नाही, तर त्या रकमेचे काय होते? ती तिकीटविक्रेत्याला मिळते का?

उत्तर : विक्रेत्याचा त्या रकमेवर कोणताही हक्क नसतो. तिचे पुढे काय करायचे हे प्रत्येक लॉटरीच्या नियमांत आधीच ठरलेले असते आणि हे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. भारतात राज्य सरकारांच्या लॉटऱ्यांना १९९८चा कायदा लागू आहे. राज्याने ठरवलेल्या मुदतीत ज्या बक्षिसावर कोणी हक्क सांगितला नाही, त्याची रक्कम त्या राज्य सरकारच्या मालकीची होते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. स्पेनमध्ये तीन महिन्यांनंतर ती सरकारी तिजोरीत जमा होते, न्यूयॉर्कमध्ये पुढील बक्षिसांच्या निधीत परत जाते, तर कॅलिफोर्नियात सार्वजनिक शाळांना मिळते. तिजोरीत मिसळलेल्या पैशाचा माग सामान्य माणसाला काढता येत नाही, त्यामुळे शाळांसारख्या जाहीर कामासाठी तो राखून ठेवणे मला अधिक न्याय्य वाटते.

ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीत सोडतीनंतर १८० दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर रक्कम व्याजासह लोकोपयोगी कामांच्या निधीत जाते. ८ जून २०१२च्या युरोमिलियन्स या अनेक युरोपीय देशांच्या सामाईक लॉटरीच्या सोडतीतील, ब्रिटनमध्ये विकलेल्या तिकिटावरचे सुमारे ६ कोटी ३८ लाख पौंडांचे बक्षीस असेच त्या निधीत गेले. तिकीट हर्टफर्डशायरमधील स्टीव्हनेज आणि हिचिन या परिसरात विकले गेले होते, हे जाहीर करून विजेत्याचा शोध घेण्यात आला, तरीही डिसेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत कोणीही पुढे आले नाही.

मुदतीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व तिकिटाला असते, कारण बहुतेक ठिकाणी तिकीट ज्याच्या हाती असेल तोच विजेता मानला जातो. म्हणून ते घेताच मागे सही करून ठेवावी. २००१ मध्ये ब्रिटनमधील एका दांपत्याला आपले तिकीट सुमारे ३० लाख पौंडांचे होते हे कळले, पण ते हरवले होते. ते त्यांनीच विकत घेतल्याचे संगणकातील नोंदींवरून पटले, तरी हरवलेल्या तिकिटाची लेखी सूचना सोडतीनंतर ३० दिवसांत द्यावी लागते, या नियमामुळे त्यांना बक्षीस नाकारण्यात आले.