स्वस्त टर्नटेबलमधून सतत हमिंग येतं, परत करू का?

परत करू नका. निदान इतक्यात तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की दहा हजारांच्या आतला बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल घेतला, सुई टेकवायच्या आधीच स्पीकरमधून 'घूं' येतं, रेकॉर्ड लावली की त्याखाली वेगळी घरघर ऐकू येते, आणि दुकानदार म्हणतो, "स्वस्त मशीनचं असंच असतं, वरचं मॉडेल घ्या." मी हे उत्तर त्या दुकानदाराच्या वाक्यासाठी लिहितोय. हेच वाक्य आमच्या घरात मी कित्येक वर्षं ऐकत आलोय.

पहिलं म्हणजे हे दोन आजार आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. सुई उचललेली असताना येतं ते विजेचं. सुई टेकल्यावरच येतं ते यंत्राचं नाहीतर टेबलाचं. ॲम्प्लिफायर ऑक्सवर, म्हणजे काहीही न जोडलेल्या साध्या इनपुटवर फिरवा, आवाज तेवढाच ठेवा. घूं गेलं तर भानगड फोनोच्या, म्हणजे टर्नटेबलसाठीच्या खास सॉकेटच्या, वाटेवर आहे. राहिलं तर टर्नटेबलचा काडीचा संबंध नाही.

मी नाशिकच्या अंबडला ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला नोकरी केली. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो १०० हर्ट्झला, कारण गाभ्याचा पत्रा विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतो आणि आपली लाइन ५० हर्ट्झची. तो सूर माझ्या कानात बसलाय. तुमच्याकडे पेटी (हार्मोनियम) असेल तर तुम्हालाही ओळखता येईल: पांढरी पाच दाबा, हमिंग तिच्याशी जुळतं पण किंचित चढं लागतं, एकदोन सप्तकं खाली. जुळलं, की आवाज लाइनमधून आलाय हे नक्की. (अमेरिकेतल्या व्हिडिओंमधलं हमिंग ६० हर्ट्झचं असतं, ते काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे कुठेतरी पडतं. त्याच्याशी ताडून बघू नका.)

आता आमच्या साडूंची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

साडू गंगापूर रोडला एका जुन्या सोसायटीत राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी सासऱ्यांच्या रेकॉर्डी ऐकायला असाच साधा टर्नटेबल घेतला. पहिल्या दिवसापासून हमिंग. दुकानात गेले तर त्यांनाही हेच ऐकवलं आणि जाड, सोनेरी पिनांची महाग वायर गळ्यात मारली. हमिंग तसंच. मग दुकानातला एक पोरगा घरी आला आणि त्याने ॲम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, पक्कडने तोडून टाकली. आवाज खरोखर निम्म्याहून कमी झाला. साडू खूश.

पुढच्या दिवाळीला आम्ही जेवायला गेलो होतो. थोरल्या ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, ओल्या फडक्याने शोकेस पुसताना ॲम्प्लिफायरला हात लावला आणि फडकं टाकून मागे सरल्या. म्हणाल्या, "याला झिणझिण्या येतात हो, नेहमीच येतात." नेहमीच! मी जागेवर उठलो. प्लग पाहिला आणि जे बोलायचं ते साडूंना जरा जोरातच बोललो. साडू म्हणाले, "तुम्ही फॅक्टरीतले, तुम्हाला सगळीकडे अर्थिंगच दिसतं. मशीन स्वस्त आहे, एवढं साधं आहे."

मुळीच साधं नव्हतं. त्यांच्या ॲम्प्लिफायरला टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची लाल-पांढरी वायर जोडलेली होती आणि बॉक्सला केबलवाल्याची कोॲक्स, म्हणजे केबल टीव्हीची जाळीवाली वायर. ती कोॲक्स शेजारच्या इमारतीवरून आलेली. म्हणजे ॲम्प्लिफायरला एक जमीन साडूंच्या बोर्डातून मिळत होती आणि दुसरी शेजारच्या इमारतीतून. दोन जमिनींत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी वायरच्या जाळीतून, म्हणजे सिग्नलच्या निगेटिव्हमधून, करंट फिरत राहतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. पिन तोडल्यावर लूप तुटला, म्हणून आवाज कमी झाला. पण आता आत काही बिघडून पत्र्याला फेज लागली असती तर तो करंट त्या बारीक कोॲक्सने शेजारच्या इमारतीत गेला असता, नाहीतर ताईंच्या हातातून.

मी कोॲक्स काढली. नवा थ्री पिन टॉप बसवला. ॲम्प्लिफायर चालू, आवाज पूर्ण, घूं नाही. टीव्हीचा आवाज नंतर ऑप्टिकल वायरने जोडला. तिच्यातून प्रकाश जातो, त्यामुळे लूपच होत नाही, आणि ती काहीशे रुपयांत मिळते. तोच स्वस्त टर्नटेबल, तीच सुई. तरी साडू आजही चारचौघांत सांगतात की मशीन वापरून वापरून सुटं झालं आणि आवाज आपोआप गेला. म्हणून हे इथे लिहून ठेवतोय.

टर्नटेबलवरच हे का उघडं पडतं ते समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. कार्ट्रिज म्हणजे सुईच्या थरथरीची वीज करणारी डबी. तिच्या मूव्हिंग मॅग्नेट या नेहमीच्या प्रकारातून जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट निघतात. फोनो प्रीॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीचं वाढवणारं सर्किट, ते साधारण १०० पट वाढवतो. त्यात १९५४ पासून चालत आलेला आरआयएए कर्व्ह, म्हणजे रेकॉर्डींसाठी ठरलेलं सुरांचं प्रमाण, आहे: रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो, म्हणून वाजवताना तो परत उचलावा लागतो. ५० हर्ट्झला ही उचल मधल्या सुरांपेक्षा सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट. आता वायरच्या जाळीवर फक्त ५० मायक्रोव्होल्टचं हमिंग पडलंय असं धरा. सिग्नलच्या १ टक्का. प्रीॲम्पमधून बाहेर येईपर्यंत ते ७ टक्के होतं. महाग टर्नटेबल आणलात तरी हे गणित बदलत नाही, कारण त्याचं कार्ट्रिजही तितकेच मिलिव्होल्ट देतं.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की स्वस्त मशीनमध्ये प्रीॲम्प आतच असेल तर तो वापरा. मागचं बटण 'लाइन'वर (म्हणजे आतला प्रीॲम्प चालू) आणि वायर ऑक्समध्ये. सिग्नल मशीनमधून मोठा होऊनच निघतो, मग वाटेत वायरवर पडलेली घाण त्याच्यापुढे टिकत नाही. आतला प्रीॲम्प बंद करून बाहेरचा लावा असं सांगणारे पुष्कळ भेटतील, हमिंगच्या बाबतीत ते उलटा सल्ला देतायत. लाइनवरचा सिग्नल फोनोच्या सॉकेटमध्ये मात्र घालू नका, घूंही वाढेल आणि गाणंही फाटेल.

मशीनला बारीक हिरवी किंवा काळी ग्राउंड वायर असेल तर ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला घट्ट आवळा. नुसती अडकवलेली चालत नाही. हात टोनआर्मला, म्हणजे सुईच्या दांड्याला, लावल्यावर आवाज बदलत असेल तर ही वायर, नाहीतर कार्ट्रिजमागच्या चार बारीक पिनांपैकी निळी किंवा हिरवी, सैल आहे. टोनआर्म हाताने मधल्या खुंटीकडे नेताना घूं वाढत गेलं तर कार्ट्रिज मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रात शिरतंय. हा मात्र मशीनचा दोष. आवाज गुळगुळीत घूं नसून बोचरा 'झर्र' असेल तर ॲडॅप्टर बदलून बघा, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघा. पुष्कळदा तोच निघतो.

अर्थिंग खरं आहे का हे वायरमनकडून तपासा, स्वतः करू नका. मीटरवर फेज ते अर्थ २३० दिसलं म्हणजे झालं, असं नाही. अर्थिंग कमजोर असलं तरी मीटर तेवढं दाखवतो. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. बोर्डात आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर मात्र बल्ब पेटत राहण्याऐवजी ती लगेच पडली पाहिजे. जुन्या नाशकातल्या घरांमध्ये तर मी सॉकेटच्या आतच न्यूट्रलला जोडलेली अर्थ पिन पाहिली आहे. न्यूट्रल तुटली की सगळ्या पत्र्यांवर फेज येते. शिवाय आपल्याकडे थोडं खणलं की मुरूम आणि काळा दगड. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. सोसायटीला सांगून त्यात पाणी घालून घ्या.

घरघरीबद्दल थोडक्यात. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, मोटर बंद, आणि आवाज हळूहळू वाढवा. 'हूऽऽ' चढत गेला तर स्पीकरचा धक्का टेबलावरून सुईत जातोय. स्पीकर वेगळ्या टेबलावर न्या, टर्नटेबलखाली कडप्प्याची फरशी आणि तिच्याखाली रबराचे तुकडे ठेवा. तसं काही झालं नाही तर रेकॉर्डच्या शेवटच्या कोऱ्या खाचेवर हेडफोनने ऐका. हेडफोनमध्येही घरघर असेल तर बेल्ट काढा, ताटली हाताने फिरवा, सुई टेकवा. घरघर गेली तर मोटर. राहिली तर बेअरिंग, किंवा रेकॉर्डमध्येच ती उमटलेली. दुसरी रेकॉर्ड लावली की ते कळतं. वूफरचा पडदा सुमारे दोन सेकंदांत एकदा आत-बाहेर डोलत असेल तर रेकॉर्ड वाकलेली आहे. ३३⅓ च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा.

मोटर किंवा बेअरिंग निघालं तर खुशाल परत करा, मुदतीत. दुकानदार तेवढ्यापुरता बरोबर. सूटकेससारख्या डब्यातलं मशीन असेल तर वरचं मिलिव्होल्टचं गणित तुम्हाला लागू नाही. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याचा सिग्नल मुळातच मोठा. आणि तुमचे स्पीकर लहान असतील तर ५० हर्ट्झ त्यांच्यातून धड निघतच नाही, तुम्हाला ऐकू येतंय ते त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे १०० आणि १५० हर्ट्झ. चाचण्या त्याच राहतात.

ॲम्प्लिफायर कोणता, त्याला केबल टीव्ही जोडलाय का, आणि प्लगला तिन्ही पिना शाबूत आहेत का, एवढं प्रश्नात वाढवा. पुढचं मग नेमकं सांगता येईल.