शिवराईला साचा कसला?

प्रश्न आलाय : 'माझ्याकडे दोन शिवराया (शिवछत्रपतींची तांब्याची नाणी) आहेत. एकीवर "श्री राजा शिव", दुसरीवर "श्री राजा सीव". एक संग्राहक म्हणाले, हा साचाभेद. डाय व्हरायटीला, म्हणजे वेगवेगळ्या ठशांमुळे नाण्यांत पडणाऱ्या फरकाला, मराठी शब्द हाच का?'

नाही हो! नाण्याच्या संदर्भात 'साचा' ऐकला की माझं डोकं उठतं. साच्यात ओततात, नाहीतर दाबून भरतात. मोदक, गणपती, घंटा. शिवराई ओतलेली नाही, पाडलेली आहे. आपण 'नाणी पाडणे' म्हणतो ते उगीच नाही. खाली ठोकळ्यात पक्का बसवलेला एक ठसा, त्यावर तांब्याची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा, आणि घण. (ओतीव नाणीही भारतात होती. रोहतकच्या खोकराकोटला यौधेय या प्राचीन गणाच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले. त्यांचा अभ्यास केला बिरबल सहानी या वनस्पतिशास्त्रज्ञाने! तिथे खुशाल साचा म्हणा.)

'ठसा' चालेल. पण नाण्याच्या घरातलाच 'शिक्का' असताना दुसरा शब्द कशाला? अरबी 'सिक्का'चा मूळ अर्थ नाणं नव्हेच. इब्न खल्दून हा अरब इतिहासकार १४व्या शतकात स्वच्छ सांगतो : सिक्का म्हणजे नाण्यावर ठोकायचा लोखंडी ठसा, मग त्याने उमटलेली अक्षरं, मग टांकसाळीवरची देखरेख. नांगराच्या फाळालाही अरबीत हाच शब्द. हा शब्द इटलीत गेला, व्हेनिसची टांकसाळ 'झेक्का' झाली आणि तिथलं सोन्याचं नाणं 'झेक्कीनो'. व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलं. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख. आपल्या लोकांना त्या दिसल्या बाहुल्या, म्हणून नाव पडलं पुतळी! आजीच्या पुतळ्यांच्या माळेत आपला शिक्काच व्हेनिसची वारी करून परत आलाय, असं मी लग्नाकार्यात सांगत असतो. ऐकणारे पंगतीकडे सरकतात. तेच नाव फ्रेंच-इंग्रजीतून 'सीक्विन' होऊन ब्लाउजवर चमकतंय, ते वेगळंच.

'शिक्का परका, मुद्राभेद म्हणा' हा परिभाषाकारांचा हट्ट मला मान्य नाही. मुद्रेत चेहरा आला, छपाई आली, नृत्यही आलं. घणाखालचं लोखंड त्या गर्दीत दिसणार कसं? आणि परका कसला? शिवछत्रपतींच्या पत्रात माथ्यावर शिक्का आणि तळाशी मोर्तब, म्हणजे 'मर्यादेयं विराजते' हा समाप्तीचा ठसा. दोन्ही मिळून शिक्कामोर्तब. बातम्यांत रोज 'अंतिम शिक्कामोर्तब' होतं. मोर्तब मुळात शेवटालाच असतं, मग हे 'अंतिम' कुठून उपटलं?

असो, तुमच्या शिवराया राहिल्याच. त्यांच्यातला फरक शिक्काभेदच आहे. ठसे हाताने आणि उलट्या अक्षरांत खोदायचे. वरचा ठसा घण खाऊन लवकर झिजायचा, की नवा खोदा. आणि खोदणाऱ्याचं शुद्धलेखन ज्याचं त्याचं. म्हणून शिव, शीव, सिव, सीव सगळे भेटतात. पण प्रत्येक विचित्र नाण्याला शिक्काभेद म्हणू नका. अक्षरं अर्धी बाहेर गेली, दोनदा उमटली, तर तो घण मारणाऱ्याचा प्रताप, त्या एका नाण्यापुरता. शिक्काभेद त्या ठशाच्या सगळ्या नाण्यांवर दिसतो. रेघ दिसली तर नख फिरवून बघा. ओरखडा खोल लागतो. ठशाला गेलेला तडा नाण्यावर उंच रेघ होऊन उमटतो.

आणि 'सीव' नीट दिसावा म्हणून ती शिवराई चिंचेने घासायला घेऊ नका.